तीन नंबरची खोली

कुठल्या महिन्यात यावं, असं विचारतात सगळे.
फोनवर, चिठ्ठीतून,
नाहीतर वेतेच्या धक्क्यावर आधी उतरून गेलेल्या
कुणाच्या तरी ओळखीच्या ओळखीतून.
मी मोझा बिन्त खमीस, तीन खोल्यांची मालकीण,
पोरं मदरशात घोकतात तसं घोकून ठेवलेलं सांगते :

जून ते ऑक्टोबर या.
तेव्हा कुसी वाहतो, दक्षिणेचा वारा.
समुद्र जरा आडदांड होतो, पण अंगाला घाम धरत नाही.
लवंगा उतरतात मग. रस्त्याच्या कडेनं चटयाच चटया,
गाडीवाला चाक जपून घेतो,
कारण एकेक चटई कुणाच्या तरी पोरीचं लग्न असते.

पाण्यात बुड्या मारणारे असाल तर कस्काझी धरा,
डिसेंबर ते फेब्रुवारी.
पाणी इतकं नितळ की तळाशी वाळूत दडलेल्या
पोळपाटाएवढ्या माशालाही लाज वाटावी.
दुपारी मात्र घरात पडून राहायचं.
आमचं मांजरही तेच करतं.

नोव्हेंबरात वुली. छोटा पाऊस,
येतो, चहा घेतल्यासारखा थांबतो, जातो.

आणि मसिका? मार्चअखेर ते मे?
त्यात येऊ नका. मी स्पष्ट सांगते.
मिठाचा दगड होतो, चादरी तीन-तीन दिवस वाळत नाहीत,
होडीवाला होडी उलटी करून
स्वतः तिच्याखाली झोपतो.

एका जर्मन बाईंनी हे सगळं रकाने आखून उतरवून घेतलं
आणि पेन्सिल थांबवून विचारलं,
तुमचा आवडता महिना कुठला?
म्हटलं, ज्यात तिन्ही खोल्या भरतात तो.
त्या खूप हसल्या.
मी काही विनोद केला नव्हता.

काल रात्री मस्कतहून खतीबचा फोन.
चार वर्षं झाली त्याला तिकडे, एसी दुरुस्त करतो.
मागे कुणाचा तरी टीव्ही चालू होता.
आई, सुट्टी मिळतेय. कधी येऊ?
कुठला महिना बरा?

जसा काही इथला नव्हेच.
जसा काही माझ्याच पोटी, मसिकातल्या एका रात्री,
दाईचा कंदील दोनदा विझला तेव्हा
आला नव्हता.

जून ते ऑक्टोबर, ओठांपर्यंत आलं होतं.
गिळलं.
जूनमध्ये तीन नंबरला फ्रान्सचं जोडपं आहे.
जुलैत एक म्हातारे गृहस्थ, दरवर्षीचे, पक्षी मोजतात.
तुझ्या खिडकीतून तुझाच समुद्र बघतात ते सगळे,
रात्रीचे चाळीस डॉलर मोजून.
दारामागे तुझ्या उंचीच्या रेघा होत्या,
पहिला पाहुणा यायचा होता तेव्हा चुना फिरवला त्यांवर.
सगळ्यात वरची तेवढी राहिली,
माझा हात पोचला नाही.

यातलं काही बोलले नाही.
एप्रिलमध्ये ये, म्हटलं.

मसिकात? तो हसला.
हो. तिकीट स्वस्त असतं.
खोली रिकामी असते.
छत एकाच जागी गळतं, पलंग सरकवून घेऊ.
फणस असेल, नसेल, बघू.

फोन कटला की त्यानं ठेवला, कळलं नाही.
पैसे संपले असतील.

आज सकाळी नवी चौकशी आली, दोघांची, कुठून तरी लांबून.
एप्रिलमध्ये समुद्राकडची खोली मिळेल का?
पावसाची हरकत नाही, असं लिहिलंय.
दुप्पट द्यायला तयार आहेत.

कळवलं, एक नंबर मिळेल, दोन मिळेल.
तीनमध्ये काम काढलंय.
चुना खरवडायचाय.